यकृताची राखण : पेशी व जनुकोपचारांनंतरच्या सामूहिक देखरेखीचा इतिहास आणि नाशिक

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास सामान्यतः शोधांच्या आणि पहिल्या प्रयोगांच्या तारखांनी लिहिला जातो. अमुक लस अमुक साली निघाली, अमुक शस्त्रक्रिया अमुक ठिकाणी प्रथम झाली, अशा नोंदींतून त्या इतिहासाची चौकट तयार होते. उपचार दिल्यानंतर रुग्णाकडे कोणी लक्ष ठेवले, किती दिवस ठेवले, कोणत्या खुणा पाहिल्या आणि त्या दिसल्यावर कोणाला कळविले, हा भाग मात्र रुग्णालयांच्या नोंदवह्यांतच पडून राहतो. पेशी व जनुकोपचारांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या उपचारांचे यश जितके प्रयोगशाळेत ठरते तितकेच ते उपचारानंतरच्या काही आठवड्यांत ठरते आणि त्या आठवड्यांत सर्वाधिक जपाव्या लागणाऱ्या अवयवांत यकृताचे स्थान वरचे आहे.

या विषयाचा नाशिकशी थेट संबंध आहे. २०२१च्या जानेवारीत नाशिक शहरातील एका बालकाला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आनुवंशिक स्नायुविकारावर ‘झोल्जेन्स्मा’ हे जनुकोपचाराचे औषध देण्यात आले. उत्पादक कंपनीच्या सोडतीतून ते औषध विनामूल्य मिळाले होते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत औषधाची सुमारे १६ कोटी रुपये किंमत आणि सोडतीतील दैवयोग हेच विषय ठळक होते. हे औषध सलाईनमधून सुमारे एका तासात देऊन होते. परंतु त्यानंतर किमान तीन महिने यकृताच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी कराव्या लागतात आणि दररोज स्टिरॉइड द्यावे लागते, ही बाब वृत्तपत्रीय वर्णनात सहसा येत नाही. एका तासाच्या उपचाराला तीन महिन्यांची राखण लागते, ती का, आणि ती कोणी करावयाची?

प्रस्तुत लेखात या राखणीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. प्रत्येक दुर्घटनेनंतर देखरेख करणाऱ्यांचे वर्तुळ एकेका पायरीने विस्तारत गेले आणि आता ते रुग्णालयाच्या भिंती ओलांडून रुग्णाच्या घरापर्यंत आले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. नाशिकसारख्या शहरापुढे आज जो प्रश्न उभा आहे तो या विस्तारातूनच निर्माण झाला आहे.

यकृतच का?

प्रौढ माणसाच्या यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. शिरेतून दिलेली बहुतेक औषधे, विषाणू व विषद्रव्ये या अवयवात पोहोचतात आणि त्यांपैकी अनेकांचे विघटनही येथेच होते. नव्या उपचारांमुळे यकृताला इजा होण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग वाहक विषाणूचा. निरोगी जनुक शरीरात नेण्यासाठी अ‍ॅडिनो-असोसिएटेड, म्हणजेच एएव्ही, विषाणूचे निरुपद्रवी केलेले कवच वापरले जाते. जनुक स्नायूंसाठी किंवा मज्जापेशींसाठी पाठविलेले असले, तरी शिरेतून दिलेल्या विषाणूचा मोठा भाग यकृतातच उतरतो. शरीराच्या संरक्षक पेशी त्या कवचाला शत्रू मानतात आणि ते ज्या यकृतपेशींत शिरले आहे त्या पेशींवरच हल्ला करतात. दुसरा मार्ग पूर्वतयारीच्या औषधांचा. अस्थिमज्जारोपणात, तसेच रुग्णाच्याच मूलपेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याच्या पद्धतीत, जुनी मज्जा रिकामी करण्यासाठी बुसल्फानसारखी तीव्र औषधे द्यावी लागतात. त्यांनी यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर सोलले जाऊन त्या तुंबू शकतात. तिसरा मार्ग रोगप्रतिकारशक्तीच्या उलथापालथीचा. कार टी पेशींच्या उपचारात पेशी एकदम उत्तेजित झाल्या की शरीरभर दाहाची लाट उसळते आणि यकृतही तीत सापडते. उलटपक्षी, प्रतिकारशक्ती दीर्घकाळ दबली तर यकृतात सुप्त राहिलेला हिपॅटायटिस बीचा विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

या तिन्ही मार्गांत एक साम्य आहे. इजेला प्रारंभ होतो तेव्हा रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. डोळे पिवळे दिसू लागतात तोवर उपचाराची सोयीची वेळ अनेकदा निघून गेलेली असते. म्हणून येथे रुग्णाच्या तक्रारीची वाट पाहून चालत नाही. तक्रार येण्यापूर्वीच शोध घ्यावा लागतो.

धान्यातील बी आणि यकृताचा रोग

सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबण्याचा हा विकार वैद्यकाला प्रथम रुग्णालयातून कळला नाही. तो शेतातून आणि स्वयंपाकघरातून कळला. १९२० साली दक्षिण आफ्रिकेतील विल्मट व रॉबर्टसन यांनी पावाच्या पिठात मिसळलेल्या सेनेसिओ या रानवनस्पतीमुळे होणारा यकृतरोग नोंदविला. १९५४ साली ब्रास, जेलिफ व स्ट्युअर्ट यांनी जमैकातील बालकांमध्ये अशाच विकाराचे वर्णन केले आणि त्याचा संबंध तेथील रानपाल्याच्या काढ्याशी जोडला गेला.

भारतातील मोठा अनुभव तत्कालीन मध्य प्रदेशातील, आता छत्तीसगडमध्ये असलेल्या, सरगुजा जिल्ह्याचा आहे. १९७०च्या दशकात तेथील आदिवासी गावांत पोट फुगणे, यकृत वाढणे व जलोदर अशी लक्षणे असलेल्या रोगाची साथ आली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास करून १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ६७ रुग्णांची नोंद असून त्यांपैकी २८ दगावले होते. गोंधली या धान्यात, म्हणजे आपल्याकडील वरईच्या जातकुळीतील भरडधान्यात, क्रोटालेरिया वर्गातील तणाचे बी मिसळले गेले होते. याच वर्गातील काही वनस्पतींना मराठीत खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. त्या बियांतील पायरोलिझिडिन अल्कलॉइड यकृताच्या सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर नष्ट करते.

या साथीचा उलगडा एकट्या वैद्याच्या आवाक्यातला नव्हता. रुग्णाचे पोट तपासणारा चिकित्सक, यकृताच्या ऊतीचे परीक्षण करणारा विकृतिशास्त्रज्ञ, बियांची ओळख पटविणारे आणि त्यांतील विष शोधणारे तज्ज्ञ, तसेच कोणत्या घरात कोणते धान्य शिजले हे सांगणारे कुटुंबीय, या सर्वांची माहिती एकत्र आली तेव्हाच कारण सापडले. यकृताच्या रोगात निदानाचा धागा पुष्कळदा रुग्णाच्या घरी असतो, ही सरगुजाची शिकवण पुढील सर्व इतिहासात उपयोगी पडते.

वजनकाटा आणि परिचारिका

अस्थिमज्जारोपणाला प्रारंभ झाल्यावर हाच विकार एका नव्या रूपात पुढे आला. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाले. लगेच पुढल्या वर्षी, १९८४ साली, अमेरिकेतील सिएटल येथील मॅकडॉनल्ड व सहकाऱ्यांनी रोपणानंतरच्या यकृतविकाराच्या निदानाचे निकष मांडले. रोपणानंतर ३० दिवसांच्या आत कावीळ, यकृत वाढून उजव्या बरगडीखाली दुखणे, आणि जलोदर किंवा अकारण वजनवाढ यांपैकी दोन खुणा दिसल्या तर हा विकार मानावा, असे त्यांनी सुचविले. १९८७ साली बाल्टिमोर येथील जोन्स व सहकाऱ्यांनी अधिक कठोर निकष दिले. त्यांत २१ दिवसांच्या आत बिलिरुबिन २ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्यापुढे जाणे आवश्यक ठरविले आणि त्याच्या जोडीला यकृतवाढ, जलोदर व ५ टक्के किंवा अधिक वजनवाढ यांपैकी दोन खुणा मागितल्या.

या निकषांतील वजनवाढीचे स्थान लक्षणीय आहे. ६० किलो वजनाच्या रुग्णाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे ३ किलो. शरीरात पाणी साठू लागल्याची ही खूण ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन घेणारी आणि कमरेचा घेर मोजणारी परिचारिका लागते. कालच्या व आजच्या आकड्यांतील फरक तिच्या लक्षात आला आणि तो तिने त्याच दिवशी कळविला, तरच डॉक्टरांना वेळेवर पाऊल उचलता येते. देखरेखीचे पथक ही कल्पना येथे प्रत्यक्ष आकार घेते. निदान डॉक्टरांचे असले तरी पहिली खूण परिचारिकेच्या वहीत उमटते.

२००२ साली या विकाराला त्याच्या खऱ्या स्थानावरून नवे नाव मिळाले, कारण दोष मोठ्या शिरांत नसून यकृताच्या सूक्ष्म पोकळ्यांत असल्याचे स्पष्ट झाले होते. युरोपीय रोपणसंस्थेने २०१६ साली प्रौढांसाठी व २०१८ साली बालकांसाठी स्वतंत्र निकष प्रसिद्ध केले. बालकांच्या निकषांत काळाची मर्यादा काढून टाकण्यात आली आणि प्लेटलेट देऊनही त्यांची संख्या न वाढणे ही खूण समाविष्ट झाली. बाळांत कावीळ न दिसताही हा विकार असू शकतो, हे त्यामागील कारण होते. डेफिब्रोटाइड या औषधाला युरोपात २०१३ साली व अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. ते जितके लवकर सुरू होते तितके फलदायी ठरते. म्हणजे औषध उपलब्ध झाल्याने देखरेखीची गरज उलट वाढलीच.

एका मृत्यूनंतरचे प्रश्न

जनुकोपचाराच्या इतिहासात १७ सप्टेंबर १९९९ ही तारीख दुःखद आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगात सहभागी झालेला जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण त्या दिवशी मरण पावला. त्याला यकृतातील एका वितंचकाच्या कमतरतेचा सौम्य आजार होता आणि अ‍ॅडिनोविषाणूवर आरूढ केलेले जनुक थेट यकृताच्या धमनीत देण्यात आले होते. चार दिवसांत दाहाच्या तीव्र प्रतिक्रियेने त्याचे अनेक अवयव निकामी झाले. पुढे झालेल्या शासकीय चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. उपचारापूर्वी त्याच्या रक्तातील अमोनियाचे प्रमाण अपेक्षित मर्यादेपेक्षा अधिक होते आणि आधीच्या रुग्णांत आढळलेले यकृतावरील दुष्परिणाम नियामक यंत्रणेला योग्य रीतीने कळविण्यात आले नव्हते. खुणा कोणाला तरी दिसल्या होत्या. त्या जेथे पोहोचायला हव्या होत्या तेथे पोहोचल्या नाहीत. निरीक्षण आणि कळविणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या मृत्यूने शिकविले.

यानंतर संशोधकांचा कल एएव्ही या सौम्य विषाणूकडे वळला. २००६ साली कॅथरीन हाय व सहकाऱ्यांच्या गटाने हिमोफिलिया बीच्या रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचारानंतर रक्त गोठविणारा घटक वाढला. परंतु काही आठवड्यांत तो घसरला आणि त्याच सुमारास यकृताची वितंचके वाढली. रुग्णाला कसलाही त्रास नव्हता. रक्ताच्या चाचणीनेच ही गोष्ट उघड केली. २०११ साली लंडनमधील नथवानी व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी सहा रुग्णांवरील प्रयोगात याच अनुभवाचा उपयोग केला. वितंचके वाढू लागताच त्यांनी प्रेडनिसोलोनचा अल्पमुदतीचा उपचार दिला आणि गोठविणारा घटक टिकून राहिला. २०१४ सालच्या त्यांच्या पुढील अहवालात मोठी मात्रा मिळालेल्या सहापैकी चार रुग्णांत सातव्या ते दहाव्या आठवड्यांच्या दरम्यान अशी वाढ आढळली होती.

सातवा ते दहावा आठवडा हा तपशील फार महत्त्वाचा आहे. त्या वेळी रुग्ण खाटेवर नसतो. तो घरी, कामावर किंवा शाळेत असतो. यकृताची वितंचके वाढली आणि ती आठवडाभरात ओळखली गेली नाहीत, तर यकृताला इजा होतेच. त्याशिवाय बसविलेले जनुकही गमावण्याची शक्यता असते. म्हणजे देखरेख हा उपचारापश्चातचा सोपस्कार न राहता उपचाराचाच भाग ठरला.

स्टिरॉइड कमी करतानाचा काळ

झोल्जेन्स्माला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. यात शरीराच्या दर किलो वजनामागे १०० लक्ष कोटींहून अधिक विषाणूकण दिले जातात. म्हणूनच आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन सुरू करून ते महिनाभर चालू ठेवावयाचे असते. त्यानंतर यकृताच्या चाचण्या समाधानकारक असतील तरच ते पुढील चार आठवड्यांत हळूहळू उतरवायचे असते. चाचण्या प्रथम दर आठवड्याला व नंतर दर पंधरवड्याला कराव्या लागतात.

२०२२ साली रशिया व कझाकस्तान येथील दोन बालकांचा या औषधानंतर तीव्र यकृतनिकामी होऊन मृत्यू झाल्याचे उत्पादक कंपनीने जाहीर केले. औषधानंतर पाच-सहा आठवड्यांनी आणि स्टिरॉइड कमी करण्यास प्रारंभ झाल्यानंतर थोड्याच दिवसांत हे मृत्यू ओढवले होते. महिना पार पडला, बाळ हसते-खेळते आहे, औषध उतरवायचे आहे, म्हणजे धोका टळला, असे कोणत्याही कुटुंबाला स्वाभाविकपणे वाटेल. नेमका तोच काळ घातक असू शकतो.

इतर औषधांचा अनुभवही हेच सांगतो. एका दुर्मिळ जन्मजात स्नायुविकारावरील एएव्ही उपचाराच्या प्रयोगात २०२० व २०२१ साली मिळून चार बालके दगावली. त्या विकारातच पित्तमार्गाचा दोष आधीपासून असू शकतो, हे नंतर ठळकपणे पुढे आले आणि उपचारापूर्वीच बालयकृततज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक मानले जाऊ लागले. २०२५ साली ड्युशेन स्नायुविकारावरील ‘एलेव्हिडिस’ या औषधानंतर चालू न शकणाऱ्या दोन किशोरवयीन रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी नियामकांनी त्या औषधाचा वापर चालू शकणाऱ्या रुग्णांपुरता मर्यादित करून सर्वांत कडक इशारा जोडला. अशा रीतीने चेतातज्ज्ञाच्या पथकात यकृततज्ज्ञ आला, औषधनिर्मात्याच्या जोडीला औषधदक्षतेची यंत्रणा आली आणि आईवडिलांनाही पथकाचे सदस्य मानावे लागले.

महाराष्ट्रातील वर्तमान

हे उपचार आता केवळ परदेशी वृत्तांचा विषय राहिलेले नाहीत. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या कार टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे तो देशाला अर्पण केला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी हिमोफिलिया एच्या पाच रुग्णांवरील मूलपेशी-जनुकोपचाराचे उत्साहवर्धक निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने सिकलसेलवरील ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी जनुकसंपादन उपचार जाहीर केला असून त्याच्या विकासात पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट सहभागी आहे.

यांपैकी शेवटची घटना नाशिक विभागाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. सिकलसेलचे रुग्ण नंदुरबार, धुळे व नाशिक जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यातही आहेत. सिकलसेलवरील जनुकसंपादित मूलपेशी परत देण्यापूर्वी मज्जा रिकामी करावी लागते, म्हणजे यकृताच्या वाहिन्या तुंबण्याचा तो जुना धोका येथेही असतो. वारंवार रक्त चढविल्याने ज्यांच्या यकृतात लोह साठले आहे किंवा ज्यांना पूर्वी रक्तातून हिपॅटायटिसचा संसर्ग झाला आहे, अशा रुग्णांत तो अधिक. उद्या हा उपचार प्रत्यक्षात आला, तर सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील रुग्ण मोठ्या शहरात उपचार घेऊन आपल्या पाड्यावर परतेल. त्याच्या पायाची सूज आणि वाढलेले वजन तेथे कोण पाहणार?

नाशिकपुढील प्रश्न

नाशिक ते मुंबई हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. एका चाचणीसाठी आजारी बाळाला घेऊन दर आठवड्याला एवढा प्रवास करणे, तोही स्टिरॉइडमुळे संसर्गाचा धोका वाढलेला असताना, योग्य नाही. दुसरा मार्ग म्हणजे कुटुंबाने तीन महिने मुंबईतच राहणे. तज्ज्ञ हाताशी असल्याने वैद्यकीय दृष्ट्या तो अधिक सुरक्षित आहे, हे मान्य करावे लागेल. पण खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरी मागे राहिलेली मुले यांचा हिशेब केला तर तो बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. उरतो तिसरा मार्ग : रक्त नाशिकला काढावयाचे आणि निर्णय मुंबईने घ्यावयाचा. हा मार्ग सर्वांत व्यवहार्य आहे आणि सर्वांत नाजूकही, कारण त्यात दोन पथकांमध्ये एक फट राहते. अहवाल शुक्रवारी संध्याकाळी तयार झाला आणि तो सोमवारी वाचला गेला, तर दोष कोणाचाच नसतो आणि नुकसान मात्र बाळाचे होते.

ही फट बुजविण्यासाठी काही तपशील आधीच लेखी ठरलेले असावेत. प्रत्येक प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा थोडी वेगळी असते आणि उपचाराचे निर्णय त्या मर्यादेच्या पटींवर घेतले जातात. म्हणून सर्व चाचण्या एकाच प्रयोगशाळेत व्हाव्यात. एसजीओटी व एसजीपीटी ही वितंचके स्नायूंतूनही रक्तात येतात. स्नायुविकाराच्या रुग्णात ती आधीच वाढलेली असू शकतात. म्हणून उपचारापूर्वीचे आकडे स्थानिक डॉक्टरांच्या हाती असावेत आणि बिलिरुबिन, प्रोथ्रोम्बिन काळ व प्लेटलेट यांसह अहवाल वाचला जावा. बाळाला उलटी होऊन स्टिरॉइडची मात्रा बाहेर पडली तर कोणाला दूरध्वनी करावयाचा, हे आईला ठाऊक असावे. स्टिरॉइड चालू असताना गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागतात. ही सूचना अंगणवाडी सेविकेपर्यंत व लसीकरण करणाऱ्या परिचारिकेपर्यंत पोहोचली नाही, तर कर्तव्यदक्ष कर्मचाऱ्याकडूनच अपाय घडू शकतो.

सरगुजाचा धडा येथे पुन्हा आठवतो. आपल्या घरांत अशक्त बाळाला काढे, चाटण व गुटी देण्याची प्रथा आहे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेऊन वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचे म्हटले. या वादाचा निर्णय काहीही असो; यकृत जपण्याच्या तीन महिन्यांत बाळाच्या पोटात काय जाते हे पथकाला माहीत असलेच पाहिजे, याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद होण्याचे कारण नाही. रागावून विचारले तर घरचे लोक सांगणार नाहीत. म्हणून आयुर्वेदाचा स्थानिक वैद्यही या पथकात असणे उपयुक्त ठरेल.

अशा पथकाची सामग्री नाशिककडे आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे असून आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, परिचर्या आदी विद्याशाखा त्याच्या छत्राखाली आहेत. जिल्हा रुग्णालय व विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय शहरात आहेत. औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो क्षयरोग नियंत्रणाचा अनुभव. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या क्षयरोगाच्या औषधांनीही यकृताला इजा होते. सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम १९९७ पासून टप्प्याटप्प्याने विस्तारला आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचला. भूक गेली का, मळमळते का, लघवी गडद होते का, हे रुग्णाला त्याच्या गावातच विचारणारी एक साखळी त्यातून उभी राहिली. नव्या उपचारांसाठी संपूर्ण नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. या साखळीच्या एका टोकाला अतिविशेष रुग्णालय जोडावयाचे आहे.

असे रुग्ण जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असताना एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, अस्थिमज्जारोपण, कर्करोगाची औषधे, क्षयरोग आणि जनुकोपचार या सर्वांना यकृताची तीच चाचणी, तीच वही आणि तोच दूरध्वनी लागतो. एका बाळासाठी नीट बसविलेली पद्धत इतर अनेकांच्या उपयोगी पडते. शिवाय, ज्या औषधासाठी समाज १६ कोटी रुपये उभे करतो किंवा दैवाची सोडत पाहतो, त्याच्या राखणीसाठी दर आठवड्याच्या काही शे रुपयांच्या चाचणीत खंड पडू देणे हे व्यवहारालाही धरून नाही.

निष्कर्ष

यकृतावरील देखरेखीचा हा इतिहास चार टप्प्यांत पाहता येतो. सरगुजासारख्या साथींनी विकाराचे कारण घरात व शेतात शोधण्यास शिकविले. अस्थिमज्जारोपणाने परिचारिकेच्या वजनकाट्याला निदानाच्या निकषांत स्थान दिले. १९९९च्या मृत्यूने दिसलेली खूण कळविण्याचे कर्तव्य अधोरेखित केले. एएव्ही उपचारांनी देखरेखीचा काळ रुग्ण घरी परतल्यानंतरच्या आठवड्यांपर्यंत लांबविला. प्रत्येक टप्प्यावर पथकात एक नवा सदस्य आला आणि बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी मृत्यूनंतर आला.

पुढील सदस्य जिल्ह्याच्या ठिकाणचा आहे. मुंबईहून परतणाऱ्या रुग्णाच्या हाती जो कागद दिला जातो, त्यावर औषधांच्या यादीबरोबर नाशिकमधील एका जबाबदार डॉक्टरांचे नाव, एका प्रयोगशाळेचे नाव, चाचणीचे वार, कळविण्याची मर्यादा आणि अहवाल त्याच दिवशी वाचणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे. वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांच्या अध्यापकांना हा विषय पदव्युत्तर अभ्यासापुरता न ठेवता परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व औषधनिर्माता यांच्या अध्यापनात आणता येईल, आणि समाजशास्त्र व समाजकार्याच्या विभागांना परतलेल्या कुटुंबांच्या अडचणींचा अभ्यास हाती घेता येईल. या जिल्ह्यातील पुढचे बाळ मुंबईहून घरी येण्यापूर्वी तो कागद तयार झालेला असणे आवश्यक आहे.